पंख्याची विहीर

१

डॉ. पद्माकर उकिडवे मेला तेव्हा त्याच्या अंगात पांढरा, कडक इस्त्रीचा कुर्ता होता, आणि तीच गोष्ट इरावती मायदेवच्या डोक्यातून जाईना.

बाकी सगळं म्युझियमच्या रिपोर्टमध्ये व्यवस्थित होतं. ‘टर्नस्टोन’ नावाची जुनी लढाऊ बोट, म्युझियमने जपलेली; पद्माकर तिच्यावर हौसेने काम करायचा. तिच्या मागच्या टोकाला डेकमधून थेट तळापर्यंत जाणारी चौकोनी विहीर. त्या विहिरीतून बोट पाण्यात पुढे ढकलणारा भला थोरला पितळी पंखा दोराने वर ओढून घ्यायचा, आणि वर आला की कडेच्या भोकात लोखंडी खीळ घालून अडकवून ठेवायचा. खीळ घातली नव्हती. सगळं वजन दोरावर राहिलं, दोर तुटला, पंखा कोसळला, आणि सुटलेली कप्पी काठाशी वाकलेल्या पद्माकरच्या डोक्यात बसली. दोष कोणाचा? खीळ घालायची जबाबदारी ज्याची, त्याचा. म्हणजे मेलेल्याचाच. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, त्यामुळे असे रिपोर्ट चटकन पुरे होतात.

इरावतीची उमेदीची सगळी वर्षं बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात माणसं कशाने मेली हे सांगण्यात गेली होती. रिटायर झाल्यावर तरी मेलेले लोक आपला पिच्छा सोडतील असं तिला वाटलं होतं. पण इथल्या मराठी मंडळात कुणाचं काही हरवलं, कुणाचं काही बिनसलं, की फोन इरावतीलाच. आणि हा फोन तर शैलाचा होता. पद्माकर कॉलेजातला वर्गमित्र, शैला त्याची बायको. दोघांच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक इरावतीनेच धरलं होतं.

ती पोर्ट्समथजवळच्या त्या घरात शिरली तेव्हा शैलाने चहासुद्धा विचारला नाही. सरळ विषयाला हात घातला.

“परवा कॉरोनरची सुनावणी आहे, मृत्यूचं कारण ठरवणारी. तिथे ते लिहिणार, की पद्माकर खीळ घालायला विसरला. इरावती, तो अ‍ॅनेस्थेटिस्ट होता. घराबाहेर पडताना गॅस दोनदा बघायचा. तो विसरला नाही. कोणीतरी ती खीळ काढली. तू शोध.”

“आणि सापडलं तर?”

“तर मला तोंडावर सांगायचं. कोणीही असो. शब्द दे.”

इरावतीने शब्द दिला. शब्द देताना माणसाला आपण काय देतोय ते कळत नाही.

मग तिचं लक्ष देवघराकडे गेलं. देवघर म्हणजे जेवणघराच्या कोपऱ्यातलं शेल्फ. त्याच्याखाली पाट मांडला होता आणि पाटावर पद्माकरची बोटीवरची हत्यारं. दोराचे पीळ सोडवायचे टोकदार लोखंडी दाभण, लाकडी हातोडी, सुऱ्या, फटी बुजवायच्या पटाश्या. चिंचेने घासून लख्ख केलेली, एकेकावर हळदीकुंकू, वर झेंडूची फुलं सुकून तपकिरी पडलेली. बाजूला कॅनव्हासची कप्प्याकप्प्यांची पिशवी घडी करून ठेवलेली.

“तो गेला त्या दिवशी खंडेनवमी होती,” शैला म्हणाली. “आदल्या दिवशी त्याला ताप होता, म्हणून बोटीवरून मीच सगळी गोळा करून आणली. पिशवीत भरताना एक जाडा दाभण कप्प्यात बसेचना, तो वेगळा हातात धरून आणला. पहाटे उठून मी पूजा मांडली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा करून उचलायची, तर हे झालं. आता सुतक फिटलं तरी माझा हात धजत नाही.”

“आणि पद्माकर?”

“अंघोळ करून आला, हा कुर्ता घातला. नमस्कार केला. बराच वेळ उभा होता इथे. मग म्हणाला, ‘छान मांडलंयस.’ चाळीस वर्षांत एकदाही म्हणाला नव्हता बघ. आणि म्हणे, जरा बोटीवर जाऊन येतो. चहा तसाच गार झाला.”

इरावती पाटाकडे बघत राहिली. पद्माकर खंडेनवमीला हत्याराला हात लावत नसे. कॉलेजात असताना त्या दिवशी तो शिसपेन्सिलीला टोकसुद्धा करायचा नाही. सगळे त्याची टिंगल करायचे. असा माणूस हत्यारं घरी देवापुढे ठेवून, रिकाम्या हातांनी, इस्त्रीच्या कुर्त्यात बोटीवर कशाला गेला?

२

टर्नस्टोन वर्गातल्या सहा बोटी राणी व्हिक्टोरियाच्या आरमारासाठी बांधल्या गेल्या. अर्ध्या शिडाच्या, अर्ध्या वाफेच्या. आत लोखंडी फासळ्या, त्यांच्यावर सागवानी फळ्या, तळाला तांब्याचा पत्रा. वारा पडला की धुराडं वर काढायचं आणि पंखा खाली सोडायचा. वारा आला की धुराडं दुमडून आत, पंखा विहिरीतून वर, आणि शिडं उघडून निघायचं, म्हणजे पाण्यात पंख्याची आडकाठी नको. पद्माकर प्रत्येक पाहुण्याला सांगायचा, “अगदी आम्हा कोकणस्थांच्या स्वभावाची बोट आहे. फुकटचा वारा मिळत असेल तर कोळसा जाळायचा नाही.” पाहुणे गोरे असले तर त्यांना यातलं काही कळत नसे, पण तो हसायचा म्हणून तेही हसायचे.

सहांपैकी पाच मोडीत गेल्या किंवा बुडाल्या. सहावी इथे, कोरड्या गोदीत, टेकूंवर उभी होती. इरावतीने तिला यापूर्वी एकदाच पाहिलं होतं. तेव्हा रंग ताजा होता. आता फळ्यांच्या फटींतून गवत आलं होतं आणि मधली डोलकाठी कलली होती.

मॅनेजर कॉलिन प्रिचर्डने तिला सभ्यपणे डेकवर नेलं. पन्नाशीचा, थकलेला माणूस. विहिरीभोवती पिवळी पट्टी लावलेली होती.

“बोटीचं पुढे काय होणार?” इरावतीने विचारलं.

“ख्रिसमसनंतर मोडायला काढणार,” कॉलिन म्हणाला. “ट्रस्टने ठरवलंय. अपघाताच्या आदल्याच दिवशी, सोमवारी, बर्मिंगहॅमला मीटिंग होती, दिवसभर मी तिथेच होतो. डॉक्टरांना सांगायची माझी हिंमत होत नव्हती. ठरवलं होतं, मंगळवारी सांगू.”

“म्हणजे त्यांच्या चुकीने अपघात झाला, हे तुम्हाला सोयीचंच आहे. बोट धोकादायक आहे असं म्हणता येईल.”

कॉलिनचा चेहरा लाल झाला. “मॅडम, गेली अकरा वर्षं मी या बोटीसाठी भीक मागत फिरतोय. मला तो माणूस आवडायचा. पण विहिरीच्या तळाशी आम्ही सगळं चाळून काढलं. खीळ नाही. खीळ भोकात असती तर दोर तुटूनही पंखा हलला नसता.”

“ते पडले तिथे आणखी काय होतं?”

“एक लाकडाचा तुकडा. ओकचा जाड सोटा. गेटजवळच्या सुताराच्या शेडमधला. तो तिथे का होता, देव जाणे.”

इरावती चालता चालता थांबली. गेट, मग शेड, मग बोटीवर चढायचा पूल. खिळीऐवजी भोकात घालायला काहीतरी घेण्यासाठी माणूस बोटीवर चढायच्या आधीच शेडमध्ये वळला होता.

“कॉलिन,” ती म्हणाली, “खीळ जागेवर नाही, हे त्यांना बोटीवर पाऊल ठेवायच्या आधीच माहीत होतं.”

३

“अहो, माहीत असणारच,” गिरीश म्हणाला. “घरी बसल्यावर आठवलं असेल, की रविवारी घालायची राहिली.”

गिरीश वॉटफर्डचा रिटायर्ड इंजिनियर. मुलीने इकडे घर घेतल्यापासून तो बोटीवर व्हॉलंटियर होता, आणि पद्माकरशी त्याचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. कारण काय, तर दोर. गिरीशचं म्हणणं नायलॉनचा लावा. पद्माकरचं म्हणणं, आरमारात तागाचा होता, तर तागाचाच लागेल. दोन म्हातारे डेकच्या दोन टोकांना बसून आपापले डबे खायचे आणि बोटीवर येणाऱ्या विनय नावाच्या पोरामार्फत एकमेकांना निरोप पाठवायचे.

“तुमचं भांडण होतं,” इरावतीने सरळ विचारलं. “किल्लीही तुमच्याकडे होती.”

“मागच्या गेटच्या तीन किल्ल्या. कॉलिनची, माझी, पद्माकरची. सोमवारी म्युझियम बंद असतं. मी त्या दिवशी वॉटफर्डला होतो, डेंटिस्टकडे. दाढ काढली. दाखवू का?” गिरीशने तोंड उघडलंही. मग मिटलं, आणि त्याचा आवाज उतरला. “इरावतीताई, माझंच ऐकलं असतं तर तो आज जिवंत असता. आणि मी हे त्याला आता सांगू शकत नाही. एवढी जिंकलेली आर्ग्युमेंट मला नको होती हो.”

त्याने तुटलेल्या दोराचं टोक तिला दाखवलं. इरावतीने चष्मा कपाळावर चढवून ते डोळ्यांजवळ धरलं. सुरीने कापल्याची सरळ कड नव्हती. एकेक पीळ ताणून तुटला होता, टोकं केसांसारखी विस्कटलेली. कोणी कापला नव्हता. एकट्याने ओझं पेलून पेलून तो दमला होता.

“खीळ घातलेली असली,” तिने विचारलं, “तर ती हाताने काढता येते?”

“छे! पंख्याचं सगळं वजन तिच्यावर. हातोडा मारला तरी हलायची नाही. हां, एक मात्र आहे.” गिरीश थांबला. त्याच्यातला इंजिनियर जागा झाला होता. “तागाचा दोर भिजला की आखडतो. आखडला की पंख्याला केसभर वर उचलतो. मग वजन दोरावर येतं, आणि खीळ भोकात सैल होते. अगदी लहान मूलसुद्धा काढेल. वाळला की पुन्हा लांबतो, पुन्हा खीळ घट्ट. यासाठीच तर मी म्हणत होतो, नायलॉन लावा.”

“त्या आठवड्यात पाऊस कधी होता?”

“रविवारी ऊन होतं, मंडळाची ट्रिप आली होती ना. रात्री जो लागला तो सोमवारी संध्याकाळी थांबला. मंगळवारी सकाळी पुन्हा ऊन.”

म्हणजे खीळ रविवारी घातलीच असेल, तर ती फक्त सोमवारी निघू शकत होती. बंद म्युझियममध्ये, पावसात. किल्ली असलेल्या माणसाच्या हातून. एक किल्ली बर्मिंगहॅमला, एक डेंटिस्टकडे. आणि तिसरी तापाने अंथरुणात पडलेल्या माणसाच्या घरात.

इरावतीने तो विचार तिथेच बाजूला सारला. अजून एक माणूस उरला होता, आणि तो तिला टाळत होता.

४

विनय बेसिंगस्टोकच्या एका आयटी कंपनीत होता. नागपूरचा, तिशीतला, वर्क व्हिसावर. सुट्टीच्या दिवशी ट्रेनने येऊन बोटीवर राबायचा. इरावतीचे दोन फोन त्याने उचलले नाहीत. तिसऱ्या वेळी ती त्याच्या ऑफिसच्या बिझनेस पार्कमधल्या कॅफेत जाऊन बसली आणि निरोप पाठवला, की तू येईपर्यंत मी इथून उठत नाही. तो आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

“मावशी, मला पोलिसांनी सगळं विचारून झालंय.”

“मी पोलीस नाही. पोलिसांना जे सांगितलं नाहीस ते मला सांग.”

त्याने कप बाजूला सारला. मग त्याने मोबाईल टेबलावर ठेवला आणि एक व्हॉइसमेल लावला. पद्माकरचा आवाज होता.

“विनय, मी बोलतोय रे. पोचलास की मागच्या बाजूला कुणाला जाऊ देऊ नकोस. शाळेची मुलं येणार आहेत ना आज? पंख्यापाशी अजिबात नको. मी येतोच आहे. आणि ऐक, हे कुणाला बोलू नकोस. घाबरण्यासारखं काही नाही.”

“मुलांना बोट दाखवायला मी रजा घेतली होती,” विनय म्हणाला. “ट्रेनमध्ये फोन सायलेंटवर होता. उतरल्यावर ऐकला. पळत गेलो. तोपर्यंत...”

“हे लपवलंस का?”

“कारण हे ऐकलं की सगळे म्हणतील, काकांना घरी आठवलं की खीळ घालायची राहिली. म्हणजे त्यांचीच मिस्टेक. पोलिसांपासून लपवलं हे कळलं तर माझा व्हिसा, जॉब, सगळंच जाईल, माहितेय मला. पण मी काकांच्या अगेन्स्ट पुरावा देणार नव्हतो, मावशी. काहीही झालं तरी.”

इरावतीला त्याचा रागही आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. या प्रकरणात जो तो दुसऱ्याला झाकायला धडपडत होता.

“रविवारी तू तिथे होतास. खीळ घातली की नाही?”

“मला वाटतं घातली. पण शपथेवर नाही सांगता येणार. इतकी गर्दी होती, मंडळाचे पन्नास लोक दोर ओढत होते, ‘मोरया’ काय, ‘हर हर महादेव’ काय. मी शूट करत होतो. ग्रुपवर टाकला तो कट केलेला व्हिडिओ आहे.”

“आणि कट न केलेला?”

विनयने तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर तो व्हिडिओ उघडायचा त्याला धीरच झाला नव्हता. आता दोघांनी डोकी जवळ आणून तो पाहिला. साड्या, जॅकेटं, हसणं, ओढणारे हात. पंखा विहिरीतून हळूहळू वर आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ते सेल्फी काढायला वळले. शेवटी, कोपऱ्यात, कुणाचंच लक्ष नसताना, पद्माकर वाकला. त्याने भोकात काहीतरी सरकवलं, मुठीने ठोकलं, आणि सवयीप्रमाणे पुन्हा एकदा हलवून बघितलं.

“घातली!” विनय जवळजवळ ओरडलाच. “मावशी, काकांनी घातली होती! बघा ना! म्हणजे कोणीतरी काढली!”

“पुन्हा लाव,” इरावती म्हणाली. “त्याच्या हातात खीळ आहे तिथे थांबव.”

विनयने चित्र मोठं केलं. “काकांनी लोहाराकडून मुद्दाम जुन्या पद्धतीची बनवून घेतली होती. टोकाला निमुळती, मागे कडी. दिसायला अगदी त्यांच्या दाभणांसारखीच. फक्त जाड.”

इरावतीने मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. बाहेर पार्किंगमध्ये लोक गाड्यांत बसत होते, कुणीतरी कुणालातरी बाय म्हणत होतं. तिला वाटलं, आपण इथून उठूच नये.

५

परतीच्या ट्रेनमध्ये तिने सगळं पुन्हा एकदा मांडून पाहिलं. कुठेतरी चूक निघावी म्हणून मांडलं. निघाली नाही.

रविवारी पद्माकरने खीळ घातली. रात्री पाऊस आला, दोर आखडला, खीळ सैल झाली. सोमवारी पद्माकर तापाने पडून होता, आणि शैला त्याची किल्ली घेऊन बोटीवर गेली, खंडेनवमीसाठी हत्यारं आणायला. पद्माकरची सवय सगळ्या घराला ठाऊक होती. काम चाललं असेल तिथेच तो हत्यार खोचून ठेवायचा. सोफ्याच्या हातात सुरी, पडद्यात सुई, कुंडीत स्क्रू ड्रायव्हर. शैला आयुष्यभर त्याच्या मागून ती गोळा करत फिरली होती. विहिरीशेजारी भोकात खोचलेला एक दाभण तिला दिसला. हाही विसरला, असं पुटपुटत तिने तो उपसला असेल. अलगद आला असेल हातात. मग घरी आणून तिने तो घासला, पुसला, देवापुढे मांडला, कुंकू लावलं.

मंगळवारी सकाळी पद्माकर अंघोळ करून नमस्काराला उभा राहिला आणि त्याने पाटावर आपली खीळ पाहिली.

त्याच क्षणी त्याला सगळं कळलं असणार. पंखा नुसत्या दोरावर लटकतोय, ऊन पडलंय, दोर वाळतोय, आणि थोड्याच वेळात शाळेची मुलं त्या काठावर उभी राहून खाली डोकावणार आहेत. खीळ उचलून न्यायची तर पूजेतून उचलायची, शैलाच्या देखत. का, ते सांगावं लागणार. तू काय केलंस, ते सांगावं लागणार. जन्मभर त्याने लोकांना भूल दिली होती, समोरच्याला दुखू न देता काम उरकायचं हीच त्याची विद्या. त्याला वाटलं, भोकात एक सोटा ठोकून येऊ. अर्ध्या तासाचं काम. जेवायच्या आत परत.

म्हणून तो म्हणाला, छान मांडलंयस.

इरावतीने रुमाल डोळ्यांना लावला. समोरच्या बाईने सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. सुनावणी उद्यावर आली होती. बोलावं तर शैला संपली. गप्प बसावं तर पद्माकरच्या नावापुढे निष्काळजी असा शिक्का कायमचा. आणि गप्प बसणं हीच तर त्याची शेवटची इच्छा होती, त्यासाठी तो मेला होता. मग तिने शब्द दिला होता त्याचं काय करायचं? स्टेशन येईपर्यंत तिने ठरवलं. व्हिडिओ कॉरोनरला द्यायचा, खीळ घातली होती एवढं सिद्ध करायचं. ती कोणी काढली हे कळलं नाही म्हणायचं. आयुष्यात पहिल्यांदाच ती रिपोर्ट अर्धा लिहिणार होती.

६

शैलाने पिठलं-भात केला होता. इरावतीने जेवता जेवता व्हिडिओ दाखवला, विनयचं सांगितलं, दोराचं सांगितलं. शैला ऐकत होती, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग चढत होता.

“मी म्हटलं नव्हतं? तो विसरला नाही. पुन्हा दाखव. हे बघ, कसं हलवून बघतोय! पद्माकरच तो!” तिने पडद्यावर बोट फिरवलं. मग मोबाईल खाली ठेवला. “आणि काढली कोणी?”

“ते नाही कळलं गं.”

“नाही कळलं?”

“नाही. बरेच लोक येत-जात असतात. उद्या एवढं पुरे आहे, शैला. त्याच्यावरचा डाग जाईल.”

“काढणारा मोकळा सुटणार, आणि लोक म्हणत राहणार की पद्माकरनेच काढली असेल. मला नको असलं अर्धंमुर्धं.” शैला तिच्याकडे रोखून बघायला लागली. “तुला खोटं बोलता येत नाही, इरावती. कॉलेजातही यायचं नाही, पद्माकर सांगायचा. आल्यापासून तू त्या कोपऱ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. खुर्चीसुद्धा फिरवून बसलीस. का?”

इरावतीने ताटाकडे पाहिलं.

शैला वळली. पाट तिथेच होता, फुलं सुकलेली, कुंकू अजून लालभडक. तिची नजर एकेका हत्यारावरून फिरली आणि कडेच्या जाड्या दाभणापाशी येऊन थांबली.

“हा तिथेच होता,” ती हळू म्हणाली. “विहिरीपाशी. भोकात खोचलेला. मी म्हटलं, कुठेही ठेवतो हा माणूस...” मग अगदी वेगळ्याच आवाजात तिने विचारलं, “हा दाभण नाहीये, नाही का?”

शब्द दिलेला होता. “नाही,” इरावती म्हणाली.

शैला रडली नाही. रडली असती तर इरावतीला काहीतरी करता आलं असतं. ती जमिनीवर पाटासमोर बसली, हात मांडीत ठेवून.

“त्याने बघितलं. म्हणून उभा होता.”

“हो.”

“ओरडायचं होतं ना माझ्यावर. एकदा तरी ओरडायचं. म्हणायचं, बाई, हे काय करून बसलीस. मी स्वतः घेऊन धावत गेले असते त्याच्याबरोबर.” तिने कपाळ पाटाच्या कडेला टेकवलं. “आणि म्हणतो काय, तर छान मांडलंयस. मी तीन आठवडे तेवढ्या एका वाक्यावर जगतेय, इरावती.”

इरावती तिच्याजवळ जाऊन बसली.

बरीच रात्र झाल्यावर शैला उठली. हात धुतले, वाटीत अक्षता घेतल्या, आणि राहिलेली उत्तरपूजा केली. हत्यारांवर अक्षता टाकून एकेक जरा हलवलं. मग पुसून, कॅनव्हासच्या पिशवीत, ज्याच्या त्याच्या कप्प्यात घातलं. कुठलं कुठे जातं हे तिला न बघताच माहीत होतं. शेवटी खीळ तेवढी पाटावर राहिली. तिच्यासाठी कप्पा नव्हताच.

“ही उद्या मी घेऊन जाणार,” शैला म्हणाली. “कॉरोनरच्या पुढ्यात ठेवणार. विनयलाही सांग तो मेसेज द्यायला, मी त्याच्या बाजूने बोलेन.”

“शैला, मी नुसता व्हिडिओ दिला तरी चालेल. तू नको. त्याला हे नको होतं.”

“त्याला नको होतं म्हणून तर तो मेला. आता त्याच्या नावावर काही नको.” ती शांतपणे म्हणाली. त्या शांतपणात पुढच्या दिवसांसाठी काहीच शिल्लक नव्हतं, हे इरावतीला स्पष्ट दिसलं.

शैलाने खीळ उचलली. आज ती जड वाटली, दोन्ही हात लागले. टेबलावरचा नॅपकिन घेऊन ती कुंकू पुसायला गेली, आणि थांबली.

“असू दे,” ती म्हणाली. “कोणी काढली ते त्यांना विचारायला नको.”